रंगरावाचा हल्या

गुळाचा मुठीएवढा खडा मी हल्याला काम सुरू व्हायच्या आधीच देऊन टाकला. वर त्याला "आता जरा मन लावून ओढ," असंही सांगितलं. हल्याने गूळ खाल्ला, माझी बाही कोपरापर्यंत चाटली, एक मोठा सुस्कारा सोडला आणि रुळांच्या कडेला खाली बसला. साखळीने त्याला जोडलेली, हळदीच्या पोत्यांनी अर्धी भरलेली वॅगन जिथल्या तिथे. हमाल आधी माझ्याकडे बघायला लागले, मग एकमेकांकडे, आणि मग माना खाली घालून हसायला लागले.

स्टेशनमास्तर कादरसाब ऑफिसच्या दारात उभे होते.

"बाबू," ते म्हणाले, "उसकू दावत दिए क्या?"

तेवढ्यात पार्सल ऑफिसातून रंगराव आला. त्याला कधी कसली घाई नसे. हल्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तोंडाने एकदाच 'चक्' असा आवाज केला, आणि हल्या उठला. पुढचे पाय रोवले, मान खाली घातली, आणि वॅगनची चाकं करकरली.

"जनावराला माणूस कळतो, बाबूजी," रंगराव मला म्हणाला आणि खिशात हात घालून परत गेला.

इतका मत्सर मला माझ्या धाकट्या भावाचाही कधी वाटला नव्हता, आणि वडिलांचं सरळ नाक आमच्या घरात त्या एकट्याला मिळालंय.

मी तेव्हा हिंगोलीला गुड्स क्लार्क होतो. रंगराव पार्सल क्लार्क. लढाईचे दिवस होते. आमची लाइन हिंगोलीलाच संपायची. पूर्णेकडून गाडी यायची, इंजिन वळायचं आणि गाडी घेऊन परत जायचं. ते आहे तोवर शंटिंग करून घ्यायची, म्हणजे डबे इकडचे तिकडे लावून घ्यायचे. इंजिन गेल्यावर गुड्स शेडसमोरच्या साइडिंगवर, म्हणजे मालासाठी बाजूला काढलेल्या रुळावर, वॅगन पुढेमागे करायची वेळ आली की हल्या. आमच्या भागात रेड्याला हल्या म्हणतात. वॅगन एकदा हलली की पुढे फारसं काही लागत नाही. सगळी ताकद पहिल्या हिसक्याला. हल्या रुळांच्या बाहेरून चालतो, साखळी वॅगनच्या कोपऱ्यातल्या हुकात असते, आणि एक हमाल हँडब्रेकच्या दांड्याशी उभा असतो, कारण भरलेली वॅगन हलवण्यापेक्षा थांबवणं अवघड. त्यातून आमच्या शेडच्या पुढे साइडिंगला थोडा उतार होता आणि तो डेड एंडला संपायचा. डेड एंड म्हणजे रूळ जिथे संपतात तिथला मातीचा ढीग आणि त्याच्यापुढे एक आडवं लाकूड.

हल्या धनसिंगचा होता. धनसिंग जवळच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं, मग रेल्वे आली आणि तो धंदा बसला. "रेल्वेनं आमच्या आज्याला बसवलं," धनसिंग सांगायचा, "आता रेल्वेला मी वढून राहिलो." हल्या ओढतो की नाही याची त्याला फारशी काळजी नसे. स्टेशनात आणून उभा केला की त्याचं काम झालं.

काळजी मला होती. आमचे हेड गुड्स क्लार्क त्या हंगामानंतर रिटायर होणार होते. त्यांच्या जागेबरोबर क्वार्टर होतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात विहीर. आम्ही गावात भाड्याच्या एका खोलीत राहायचो आणि बायको दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणायची. जागेसाठी नावं दोनच, माझं आणि रंगरावाचं. हळदीचा हंगाम भरात आला की ट्रॅफिक इन्स्पेक्टर येणार, शेडचं काम बघणार आणि कादरसाबांना विचारणार, कोण बरा. हळदीच्या हंगामात शेडचं काम म्हणजे वॅगन वेळेवर जागेवर लागणं. थोडक्यात, माझ्या बायकोची विहीर हल्याच्या मानेवर होती, आणि हल्या रंगरावाच्या मुठीत.

रंगरावाबद्दल मला आधीही प्रेम नव्हतं. त्याचे केस दाट होते. तो पेटी वाजवायचा. पार्सल न्यायला येणारी माणसं त्याच्याशी हसून बोलायची आणि गुड्सला येऊन माझ्याशी भांडायची. हे सगळं मी सहन करत होतो, कारण माणसं फसतात. पण हल्या? हल्याला केसांचं काय?

त्या संध्याकाळी मी रागारागात बुटांसकट घरात शिरलो आणि चुलीपुढे पाटावर बसलो. बायकोने माझ्याकडे बघितलं. सरपण ओलं होतं म्हणाली. चहा व्हायला बराच वेळ लागला. आमच्या घरच्या चहाचा असा काही नेम नव्हता. कधी दारातून आत येतो तोवर पेला हातात, कधी बसा ताटकळत.

"रंगराव काय देतो हल्याला?" तिने विचारलं. तिचं माहेर नरसीचं, घरी जनावरं पुष्कळ.

"काही देत नाही. नुसता चक् करतो."

"मंग तुमी पण करा की."

"केलं. हल्या माझ्याकडे बघून रवंथ करतो."

"तुमच्यापुढं बसून रवंथ करतो, म्हंजी भेत न्हाई तुमाला," ती म्हणाली. "चांगलं हाय की."

तिला गांभीर्य कळत नाही असं माझं तेव्हा मत झालं.

मी ठरवलं, हल्याला आपलंसं करायचं. रंगराव फुकटात मन जिंकतो तर मी देऊन जिंकेन. रोज ड्यूटी संपली की सरकीची पेंड पाण्यात कालवून टोपलीभर घ्यायची, धनसिंगच्या गोठ्यात जायचं आणि हल्याला खाऊ घालायची. शिंगांच्या मुळाशी खाजवायचं. दोन शब्द बोलायचे. धनसिंग बाजेवर पडून बघायचा.

"आणत चला, बाबू," तो म्हणायचा. "मला कायी तकलीफ न्हाई."

थोड्याच दिवसांत हल्या माझा झाला. मी वळणावर दिसलो की तो हंबरायचा, दावं ताणायचा, माझ्या पोटावर डोकं घासायचा. माझ्यासाठी एवढं कोणी कधी दावं ताणलं नव्हतं. मला रात्री झोप चांगली लागायला लागली.

सकाळी साइडिंगवर मी हल्यासमोर उभा राहायचो आणि तो माझ्याकडे कोऱ्या नजरेने बघायचा. ओळखच नाही. मी चक् करायचो, थोपटायचो, कानात "अरे, काल संध्याकाळी..." असंही म्हणायचो. हल्या ढिम्म. मग रंगराव यायचा, चक् व्हायचं आणि चाकं करकरायची.

"गोठ्यात तुमची लई वाट बघतो तो," धनसिंग मला दिलासा देत म्हणायचा. त्याने माझी जास्तच आग व्हायची. संध्याकाळी माझी पेंड खायची आणि सकाळी रंगरावासाठी मान मोडायची, याला काय म्हणावं? घरात जेवून दुसऱ्याच्या घरी भांडी घासण्यातलाच प्रकार.

आता पाळत ठेवणं आलं. रंगराव नक्की काहीतरी करत असणार. पण मी समोर असलो की तो माझ्याशीच बोलत राहायचा, आणि मी रागाने दुसरीकडे बघत राहायचो, त्यामुळे मला काही दिसायचं नाही. म्हणून एके दिवशी सकाळी मी शेडसमोरच्या एका रिकाम्या वॅगनमध्ये चढलो आणि दार बोटभर फट ठेवून ओढून घेतलं. आत जुन्या हळदीचा वास. मी शिंक दाबून बसलो. त्या दिवशी कापसाच्या गाठींसाठी कुठली वॅगन हलवायची हे मला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. कादरसाबांनी ऐन वेळी बदल केला आणि मी बसलो होतो तिलाच साखळी लागली.

उतरायची सोय राहिली नाही. मी फटीला डोळा लावला. खाली रंगराव अगदी हातभर अंतरावर होता. तो खात होता. खिशातून गूळ-शेंगदाणे काढून चघळत होता. त्याचं ते कायमचंच होतं, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. दातात गूळ अडकला आणि त्याने जीभ वाजवली, 'चक्'. हल्याने मान खाली घातली. माझ्या बुडाखाली हिसका बसला, चाक करकरलं, आणि त्याच क्षणाला, अगदी त्याच, रंगरावाने हातातला उरलेला गुळाचा तुकडा न बघता हल्याच्या तोंडापुढे टाकला. हल्याने तो चालता चालता उचलला. रंगराव हमालाशी बोलत होता. आपण काही केलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी बाहेरून हजार वेळा बघितलं असतं तरी मला ते कळलं नसतं. हिसका मला बसला आणि गूळ हल्याला मिळाला, दोन्ही एकाच वेळी, म्हणून कळलं. माझा मूठभर खडा आधी गेला होता, म्हणून बसायचं बक्षीस झाला. माझी टोपलीभर पेंड संध्याकाळी गेली, तीही गोठ्यात, म्हणून हल्या गोठ्यात माझ्यावर जीव टाकायला शिकला. ओढण्याशी तिचा संबंध त्याने जोडावा कसा? रंगरावाचा उष्टा तुकडा नखाएवढा होता, पण चाक हललं त्या घटकेला आणि त्याच जागी पडत होता. 'चक्' ही त्या तुकड्याची वर्दी होती. माणूस वगैरे काही हल्याला कळत नव्हता.

एवढ्यात वॅगन थांबली, दार उघडलं आणि कादरसाबांनी मला बघितलं.

"अंदर क्या करते, बाबू?"

"तपासणी," मी म्हणालो आणि शिंकलो.

खरं म्हणजे इथे मी थांबायला हवं होतं. खिशात गूळ ठेवायचा आणि उघडपणे कामाला लागायचं, बस. पण मला नुसतं हल्याने माझ्यासाठी ओढायला नको होतं. त्याने सगळ्यांसमोर, रंगराव बघत असताना, माझ्यासाठी ओढायला हवं होतं, आणि तोवर रंगरावाला काही कळायला नको होतं.

म्हणून तालीम चोरून. रंगरावाला जागचं हलता येत नाही अशी वेळ कोणती, ते मला पाठ होतं. मागच्या स्टेशनातून दुपारची गाडी सुटली की आमच्याकडे घंटा व्हायची. घंटा म्हणजे प्लॅटफॉर्मवर टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर पॉइंट्समन लोखंडी दांडा मारायचा. घंटा झाली की रंगरावाला पार्सलं घेऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहावं लागे. साइडिंग मेन लाइनपासून वेगळी, मधला पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचा सांधा, कुलपात, त्यामुळे शेडकडे रिकामी वॅगन हलवायला हरकत नसे. घंटा वाजली की मी आणि धनसिंग हल्याला जुंपायचो. आधी एक-दोन दिवस वाया गेले. मग एकदा त्याने वैतागून नुसती मान ताणली, चाक जरासं करकरलं, आणि मी गुळाचा खडा त्याच्या तोंडात दिला. त्यानंतर सोपं झालं. घंटा, हिसका, गूळ. घंटा, हिसका, गूळ. हल्या माझ्यासाठी ओढायला लागला. मला रंगरावाची कीव यायला लागली.

इन्स्पेक्टरसाहेब आले ते पांढरी पँट आणि पांढरा कोट घालून. शेडपुढे हळदीची पोती छपराला लागली होती. अर्धी भरलेली वॅगन पुढच्या थप्पीपाशी न्यायची होती. रंगराव नेहमीसारखा खिशात हात घालून आला.

"तुम्ही पार्सलचं बघा," मी म्हणालो. "गुड्सची वॅगन गुड्सवाले हलवतील."

त्याने कादरसाबांकडे बघितलं. कादरसाबांनी खांदे उडवले. रंगराव प्लॅटफॉर्मवर गेला आणि तिथून बघत उभा राहिला. मला तेच हवं होतं.

मी हल्यासमोर गेलो, खिशातला गूळ चाचपला आणि म्हणालो, "चल."

हल्या उभा.

"चल बाबा."

हल्याने माझ्या खिशाकडे बघितलं. जीभ नाकपुडीत फिरवली. मग मान वळवली आणि प्लॅटफॉर्मकडे बघायला लागला. एकटक.

प्लॅटफॉर्मवर, त्या टांगलेल्या रुळाच्या तुकड्याखाली, रंगराव उभा होता. मला फक्त रंगराव दिसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं करून, एवढा गूळ खाऊन, शेवटी डोळे त्याच्याकडेच. मी हल्याचं तोंड धरून माझ्याकडे वळवलं. त्याने परत तिकडे वळवलं.

साहेबांनी घड्याळ काढलं. "रोज असंच चालतं का?"

"नाही साहेब. आज त्याची तब्येत जरा..."

"तब्येत बराबर हाय त्याची," धनसिंग मागून म्हणाला.

गाडी त्या दिवशी उशिरा होती. ब्रेकच्या दांड्याशी उभा असलेला हमाल कंटाळून सावलीत जाऊन बसला. मी हल्याकडे पाठ केली आणि साहेबांना जनावरांच्या स्वभावाबद्दल चार गोष्टी सांगायला लागलो. त्यातली दुसरी सांगत असताना घंटा झाली.

हल्याने आयुष्यात कधी ओढली नसेल अशी वॅगन ओढली. चाकं करकरली नाहीत, किंचाळली. ठरल्याप्रमाणे हिसका देऊन हल्या लगेच थांबला आणि गुळासाठी माझ्याकडे वळला. वॅगन थांबली नाही. धनसिंगने झेप घेऊन साखळीचा हूक सोडवला म्हणून हल्या वाचला. वॅगन उताराला लागली. ब्रेकपाशी कोणी नाही. उघड्या दारातून एक पोतं साहेबांच्या पायाशी पडलं आणि फुटलं, आणि साहेब कमरेपर्यंत पिवळे झाले.

रंगराव प्लॅटफॉर्मवरून उडी मारून धावला. त्याला धावताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्याने हँडब्रेकचा दांडा धरला आणि अंगाचा सगळा भार टाकून त्याला लोंबकळला. वॅगन हळू झाली, आणखी हळू झाली आणि डेड एंडच्या लाकडाला टेकून उभी राहिली. आवाज फक्त 'टक्' एवढा झाला.

तेवढ्यात माझ्या हाताला काहीतरी ओलं लागलं. हल्या माझ्याजवळ येऊन उभा होता. घंटा झाली, हिसका दिला, आता गूळ. त्याचा हिशेब चोख होता. मी खिशातून खडा काढून त्याला दिला. दुसरं काय करणार? त्याने तो खाल्ला आणि सगळ्या स्टेशनासमोर माझ्या पोटावर डोकं घासलं.

दांड्याला लोंबकळलेला रंगराव ते बघत होता. जो चेहरा मी इतके दिवस आरशात बघत होतो, तो त्या क्षणी मला त्याच्या खांद्यांवर दिसला. एवढंच माझं त्या दिवसाचं उत्पन्न.

संध्याकाळी कादरसाबांनी बोलावलं. "बाबू," ते म्हणाले, "हल्या तुमारा हुआ. पोस्ट उसकू दे रए."

रंगराव हेड गुड्स क्लार्क झाला, क्वार्टरमध्ये राहायला गेला, आणि त्याच्या विहिरीला पाणी चांगलं लागतं असं मला मुद्दाम येऊन सांगून गेला. मी पार्सलला गेलो. हल्याला घंटेच्या वेळी गोठ्यात बांधायची तंबी धनसिंगला मिळाली.

थोड्या दिवसांनी रंगराव पार्सल ऑफिसात आला. हेड झाल्यापासून तो गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालायचा आणि त्या कोटात चघळणं शोभत नाही म्हणून गूळ-शेंगदाणे सुटले होते. चेहरा पडलेला होता.

"तुम्ही हल्याला काय केलंत, बाबूजी? माझं ऐकेनासा झालाय."

सांगू नये असं मला फार वाटलं. पण त्याचा चेहरा बघून मला सगळं सांगितल्याशिवाय राहवेना. वॅगनमध्ये बसलो होतो तेही सांगितलं.

त्याने कोटाचं गळ्याजवळचं बटण सोडलं आणि म्हणाला, "म्हणजे तो आधीही माझं ऐकत नव्हता?"

"नाही. गुळाचं ऐकत होता."

"आणि त्या दिवशी तुमच्या पोटावर डोकं घासलं ते?"

"तेही गुळालाच."

आमची दोघांचीही त्यामुळे जरा सोय झाली. दुसऱ्या दिवसापासून रंगरावाच्या नव्या कोटाच्या खिशाला गुळाचा डाग दिसायला लागला, आणि वॅगन वेळेवर लागायला लागल्या. रेल्वेत जनावरांकडून काम घेणाऱ्या कोणाला उपयोग होणार असेल तर माझा निष्कर्ष असा: थोडं द्या, पण काम होतं त्या क्षणाला द्या, आणि शिकवताना आजूबाजूला काय वाजतंय तेही ऐका, कारण जनावर तेसुद्धा शिकतं.

हा निष्कर्ष मी त्या संध्याकाळी घरी येऊन बायकोला सविस्तर समजावून सांगितला. आधी की नंतर, गोठ्यात की साइडिंगवर, सगळं. आत आलो तेव्हाच चहाचा पेला हातात आला होता, त्यामुळे बोलायला हुरूप होता. ती पाटावर बसून ज्वारी निवडत ऐकत होती. हा शोध हिंगोलीत माझ्याआधी कोणाला लागला असेल असं वाटत नाही, असंही मी म्हणालो.

"आज बूट कुठं काढले?" तिने विचारलं.

"दाराबाहेर. रोजच काढतो. एखाद्या दिवशी विसरतो तेवढंच."

"लगीन झालं तवा चुलीपातुर घालून येत व्हता," ती ज्वारीतला खडा बाजूला टाकत म्हणाली. "म्या कधी बोलले काय तुमाला?"